धमनीच्या भिंतीबाबत हरकती मागवणे

बांधायला अक्कल लागते, पाडायला परवानगी. पाडकाम खात्याचे साहेब या एका वाक्यावर उभं आयुष्य जगले. त्यांच्या कारकिर्दीत शहरातली एकही भिंत विनापरवाना पडली नाही. (ज्या आपणहून पडल्या, त्यांना मागाहून परवानगी देण्यात आली.)

आणि अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, की तुमच्या पोटातल्या मोठ्या धमनीची भिंत आतून पाडली जातेय!

"कुणाच्या हुकमाने?" साहेब ताडकन उठले. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला तसाच लोंबत होता.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "शरीरात काही एन्झाइम असतात. भिंतीतले जुने धागे कापणं हे त्यांचं कामच. शरीर मग नवे धागे विणतं. त्यांना आवरणारे मुकादमही असतात. पण रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला, की कापणारे माजतात, मुकादम कमी पडतात. भिंत कुठे ताठरते, कुठे फुगते. तुमची फुगलीय. आजपासून रक्तदाबाची गोळी घ्या. फुगवटा वाढला तर आतून नळी बसवावी लागेल. आणि फुटला तर..."

त्या 'तर'च्या पुढचं साहेबांच्या बायकोला कळलं. साहेबांना फक्त मुकादम कमी असल्याचं कळलं. "आमच्याकडेही तीच बोंब आहे," ते म्हणाले.

गोळी मात्र त्यांनी घेतली नाही. समोरच्याचं म्हणणं न ऐकता कारवाई करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. (रक्तात काय होतं, ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं.) त्यांनी एन्झाइमांना रीतसर नोटीस काढली. नोटीस जागेच्या दर्शनी भागावर चिकटवावी, असा नियम. शिपायाने खळ लावून ती साहेबांच्या बेंबीवर चिकटवली.

"वहिनी, मुदत संपेपर्यंत आंघोळ नको," तो जाताना म्हणाला.

"अहो, पाया पडते तुमच्या, गोळी घ्या!"

"अगं, त्यांची बाजू तर येऊ दे."

बाजू आली नाही. सुनावणीला साहेबांनी स्वतःच्या पोटाकडे बघून तीनदा पुकारा केला. एन्झाइम गैरहजर. तेव्हा काम थांबवण्याचा आदेश निघाला. तो प्रत्यक्ष जागेवर बजावायचा म्हणून साहेबांनी कागदाची घडी केली आणि पाण्याबरोबर गिळली.

"कागद गिळवतो, आणि गोळी गिळवत नाही?" बाई कडाडल्या.

"गोळी विचाराधीन आहे," साहेब म्हणाले.

आदेशाची शंभर टक्के बजावणी झाली. रक्तदाब तेवढा वाढला. मग एके सकाळी साहेबांच्या पाठीत अशी कळ आली, की त्यांना उचलूनच दवाखान्यात न्यावं लागलं. सर्जन म्हणाले, आत्ताच्या आत्ता नळी बसवू, उशीर झाला तर आमच्या हातात काही नाही.

"भिंतीच्या आत नळी? हे वाढीव बांधकाम झालं!" साहेब स्ट्रेचरवरून म्हणाले. ते पूर्ण शुद्धीत होते, हेच दुर्दैव. कारण त्यांच्या संमतीशिवाय सर्जनला हात लावता येईना, आणि जाहीर हरकती मागवल्याशिवाय साहेब संमती देईनात. निदान एका नागरिकाने 'हरकत नाही' लिहून सही केली पाहिजे. बायको हितसंबंधी, म्हणून बाद. शिपाई हाताखालचा, म्हणून बाद.

जाहीर सूचना दवाखान्याच्या दारातल्या फळ्यावर लागली. शेजारी बाई पेन घेऊन उभ्या. सूचनेत सगळी हकीकत आहे, नोटीस, बेंबी, गिळलेला कागद. लोक थांबतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, पोट धरधरून हसतात, "काय एकेक नमुने असतात!" म्हणतात आणि चालू लागतात. बाईंना आता नवऱ्याचा राग येत नाही. वाचणाऱ्यांचा येतो.

तुमचंही वाचून झालंच की. बाईंनी पेन तुमच्यापुढे धरलंय, आणि तुम्ही हसत हसत पान उलटताय.