चार बोटं बार

आमचे झिपरू आबा चहासुद्धा बोटानं मोजून पितात. कपाला आडवी बोटं लावायची, दोन बोटं भरला की बस. सोनगीरला हायवेवरच्या हॉटेलवाल्यानं एकदा प्रेमानं जरा जास्त ओतला, तर आबांनी वरचा चहा परत त्याच्याच किटलीत ओतला आणि वर त्यालाच सुनावलं, "मापमा ऱ्हाय, भो!"

आबांकडे ठासणीची बंदूक आहे. लायसनची. डुकरं हाकलायला. इलेक्शन आलं की ती पोलीस ठाण्यात जमा होते, मग डुकरंही मोकळी आणि पुढारीही.

बंदूक भरायचा आबांचा कायदा एकच. रिकाम्या नळीत ठासायचा गज सोडला की तो तोंडाबरोबर बसतो. दारू, चिंधी, छर्रे ठासले की वर निघतो. "चार बोटे वर उना, की बार पुरा."

यंदा आबांच्या डोळ्याचं आपरेशन झालं. डॉक्टरनं धुराजवळ जाऊ नका म्हणून बजावलं, आणि नेमकी तेव्हाच डुकरं माझ्या मक्यात घुसली. अशीच चरत राहिली असती तर माझ्या वाट्याला नुसती धांडं. मी म्हटलं, "आबा, भरतो मी आणि उडवतोही मीच." लायसन त्यांचं, खांदा माझा. मला बंदुकीतलं तेवढंच कळतं, जेवढं डुकराला मक्याच्या भावातलं.

ठासलं. चार बोटं लावली. आता माझ्या बोटांचं असं, की शाळेत मी हिशेब बोटांवर करायचो आणि मास्तर त्याच बोटांवर छडी मारायचे. हिशेब काही सुधारला नाही, बोटं तेवढी सुजून राहिली.

दिवस बुडताना डुकरं आली. मी हवेत बार काढला.

बार कसला, तोफ! मी उताणा, थेट शेणाच्या खड्ड्यात. डुकरं आधी पळालीच नाहीत. उभी राहून माझ्याकडे बघत होती. मग त्यांनाच लाज वाटली असेल, बांधापलीकडे गेली.

आबा खाटेवरून धावत आले. मला वाटलं, आता शिव्या. तर ते माझा खांदा चाचपायला लागले.

"मोडना नही ना?"

"नाही. शेणानं सांभाळून घेतलं."

"कोना बोटे लायात तू?"

"माझीच. आणखी कोणाची लावू?"

"ह्या बोटे शेतस का केळा?"

मी हसलो. आबा हसले नाहीत. बांधावर बसले.

"ते माप मनं नही, येडा. तुनी अक्कानं शे. मी ठासू, ती बोटे लावे. बारीक बोटे व्हतात तिना."

अक्का म्हणजे आबांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून आबा एकटेच बंदूक भरतात. गावाला सांगतात चार बोटं, आणि स्वतःची लावतात तीन, वर जराशी. अंदाजानं.

"पहिले बरोबर ध्यानमा व्हतं," आबा म्हणाले. "आते किती बारीक व्हतात, मलेबी..."

आबांनी गज उचलला. त्यावर तीन बोटं लावली. करंगळी जोडली. काढली. परत अर्धी टेकवून बघितली.

मागं कणसं मोडायचा आवाज यायला लागला. डुकरं पुन्हा माझ्याच मक्यात. आबांच्या हातात गज हलत होता, म्हणून मी तो खालून धरून ठेवला.