गायकवाड काका पुस्तक सोडत नाहीत

गायकवाड काका तुम्हाला एखादी वस्तू देतात तेव्हा ती लगेच सोडत नाहीत. पुस्तक असो, संत्रं असो, नाहीतर घडी घातलेला साधा कागद. तुम्ही हात पुढे करता, वस्तू धरता, स्वतःकडे ओढता, आणि ती येत नाही. दुसऱ्या टोकाला काका असतात, चेहरा अगदी शांत. एक श्वासभर ही रस्सीखेच चालते. मग ते हात सैल करतात आणि विचारतात, “पोचलं?” तुम्ही “पोचलं” म्हणेपर्यंत ते जागचे हलत नाहीत.

माझी पहिली रस्सीखेच मी हरलो. पुस्तक येत नाही असं वाटून मी हात काढून घेतला, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी सोडलं. पुस्तक जपानमधल्या निशी-कसाई स्टेशनच्या फरशीवर आपटलं. “पोच न देता हात काढू नये, मंदारराव,” काका म्हणाले. मी वाकून पुस्तक उचललं आणि परत त्यांच्याकडे दिलं, कारण त्यांची तशी अपेक्षा दिसली. मग सगळा विधी पहिल्यापासून.

काका बत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात पोस्टमन होते. काकू गेल्यापासून ते दर वसंतात नव्वद दिवसांच्या व्हिसावर ओजिमाला लेकीकडे येतात. लेक वैशाली माझ्यासारखीच सॉफ्टवेअरमधली, आणि नात सई इथल्या शाळेत सहावीत. काका मराठीत विचारतात, सई जपानीत उत्तर देते, आणि दोघांचं कसं कोण जाणे भागतं.

ते पुस्तक आमच्या वाचनकट्ट्याचं होतं. दर शनिवारी निशी-कसाईतल्या एका सार्वजनिक सभागृहाची खोली घेऊन आम्ही पंधरा-एक माणसं वाचतो आणि बोलतो. मी संयोजक, म्हणजे खोलीची किल्ली माझ्याकडे असते. या वसंतात विषय घेतला होता नागरी हक्क आणि शाळा. अमेरिकेत गोऱ्यांच्या शाळांत जी काळी मुलं पहिल्यांदा जाऊन बसली, त्यांनी म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींचं एक पुस्तक. पुण्याहून मराठी अनुवादाच्या सहा प्रती मागवल्या होत्या. सुरुवातीचं भाषण अर्थातच मी केलं. ‘माझे आजोबा खेड्यात शिक्षक होते, तेव्हा शाळा हा विषय माझ्या रक्तातच आहे,’ असं एक वाक्य त्यात होतं. ते मी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं होतं.

सहा प्रती पंधरा जणांत फिरवायच्या, म्हणून मी सोपी सोय सुचवली. वाचून झालं की पुढच्याच्या इमारतीत जायचं आणि त्याच्या टपालपेटीत पुस्तक टाकायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी हात वर केला.

“टाकायचं नाही. द्यायचं.”

“काका, पेट्यांना कुलूप असतं. हा जपान आहे. काही हरवत नाही इथं.”

“हरवायचा विषय नाही,” काका म्हणाले, आणि विषय काय आहे ते सांगितलं नाही.

त्यानंतर काका ओजिमाहून बस पकडून, नदीवरचा पूल ओलांडून एकेक प्रत पोचवू लागले. कोणी घरी नसलं की पुस्तक परत पिशवीत घालून जायचे आणि पेटीत चिठ्ठी टाकायचे: ‘घर बंद आढळले. उद्या येतो.’ पेटीत चिठ्ठी चालत होती, पुस्तक चालत नव्हतं. माझ्या बायकोनं, मुग्धानं, एकदा दार उघडायला उशीर केला तर चिठ्ठीवर ‘आवाज येतो, उघडत नाहीत’ असा शेरा आला. तो अजून आमच्या फ्रीजवर आहे.

बत्तीस वर्षांची सवय, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. ही उपपत्ती माझीच होती आणि मला ती फार आवडायची.

खरा खेळ कोनबिनीत व्हायचा. कोपऱ्यावरचं हे दुकान चोवीस तास उघडं असतं. कट्टा संपला की काका आणि सई तिथं जायचे, तिला आइस्क्रीम आणि त्यांना गरम चहाची बाटली. बाकी सगळा आठवडा सईला शाळा, पोहणं आणि क्लास. ही पंधरा मिनिटं तेवढी काकांची. शुक्रवारपासूनच ते वैशालीला विचारायचे, “उद्या शनिवारच ना?”

जपानी दुकानात सुटे पैसे हातात देत नाहीत. गल्ल्यापुढे एक छोटा ट्रे असतो. आपण त्यात ठेवायचे, उरलेले त्यातूनच उचलायचे. काका ट्रेकडे बघायचेच नाहीत. नाणी चिमटीत धरून हात सरळ बाईंपुढे करायचे. चष्मेवाल्या बाई हसून ट्रे थोडा पुढे सरकवायच्या. काका डाव्या कोपरानं तो मागे सरकवायचे. बाई वाकून नमस्कार करायच्या, काका त्याहून खाली वाकायचे. मागे रांगेत पाच माणसं अशी गप्प उभी, जणू हे असंच असतं. शेवटी बाई दोन्ही हातांची ओंजळ करायच्या, काका नाणी ठेवायचे आणि शुद्ध मराठीत विचारायचे, “पोचलं?” बाई “हाय” म्हणायच्या, म्हणजे हो. त्यांनाही सवय झाली होती.

सईला होत नव्हती. वर्गातलं कोणीतरी रांगेत असायचंच. “आजोबा, यामेते,” ती दातांतल्या दातांत म्हणायची. नको ना. आणि मासिकांच्या रॅककडे तोंड करून उभी राहायची, जणू या माणसाशी आपला काही संबंध नाही.

आता माझा पराक्रम.

मे महिन्यात कट्ट्याची सहल काढली होती, नदीकाठच्या बागेत. जेवणं झाली, गाणी झाली, आणि कोणीतरी म्हणालं, मंदार, काहीतरी कर. मी नकला बऱ्या करतो. निदान लोक हसतात म्हणून मला तसं वाटतं. मी डब्याचं झाकण ट्रे म्हणून ठेवलं आणि काकांची कोनबिनी केली. ते कोपर, तो नमस्कार, ती न सुटणारी चिमूट, “पोचलं?” लोक गवतावर लोळले. काका समोरच चटईवर बसले होते. सर्वांत जास्त सई हसली. डोळे पुसत म्हणाली, “मो इक्काई.” पुन्हा एकदा. मी पुन्हा केलं, आणि या खेपेला रांगेतली पाच माणसंही केली.

“हुबेहूब,” काका म्हणाले.

मी ती दाद समजलो.

पुढच्या शनिवारी सई कोनबिनीत गेली नाही, बाहेर सायकलींपाशी थांबली. मंगळवारी ऑफिसातून आलो आणि इमारतीतली आमची टपालपेटी उघडली. आत पुस्तक होतं. पाकिटात घालून, वर माझं नाव आणि खोली नंबर सुवाच्य अक्षरात लिहून. चिठ्ठी नाही, शेरा नाही.

मी वर गेलो आणि मुग्धाला म्हणालो, “बघ, काका सुधारले.”

तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “सुधारले की तू त्यांना मोडलंस?” एवढंच बोलून ती कुकर लावायला गेली.

त्या शनिवारी मी कॉफीच्या निमित्तानं त्यांच्या मागे रांगेत उभा राहिलो. काकांनी नाणी ट्रेमध्ये ठेवली. नुसती ठेवली नाहीत, ठेवून दोन पावलं मागे सरकले. माझ्या पायावर पाय पडला. “माफ करा,” म्हणाले, वळून न बघता. चष्मेवाल्या बाईंची ओंजळ अर्धी उघडली होती, ती त्यांनी मिटून घेतली. ती दोन पावलं कशाला, हे मला कळलं नाही. सई बाहेर सायकलींपाशी होती. आता तर लाजण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी ती आत आली नाही.

जूनमधला शेवटून दुसरा शनिवार. काकांच्या व्हिसाचे नऊ दिवस उरले होते. चर्चेला प्रकरण होतं एका मुलीचं. तिला शाळेत प्रवेश मिळाला, पण वर्गात तिच्या बाजूच्या बाकावर वर्षभर कोणी बसलं नाही. मी माझी घरमालकाची गोष्ट सांगितली. परदेशी म्हणून मला तीन घरं कशी नाकारली, ती. ती मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी एक घर वाढतं. शेवटी विचारलं, “आणखी कुणाला असा अनुभव?” मला उत्तर नको होतं, दाद हवी होती.

काकांनी हात वर केला.

“आमच्या शाळेत आम्ही उंबऱ्याबाहेर बसायचो,” ते म्हणाले. आवाज पत्त्याची खातरजमा करावी तसा. “वस्तीवरचे तिघं. गणित झालं की पाटी खाली ठेवायची आणि दोन पावलं मागं सरायचं. मग गुरुजी यायचे, वाकून बघायचे. छडीच्या टोकानं दाखवायचे, हे बरोबर, हे चूक. पाटीला हात लावायचे नाहीत. आम्हाला त्याचं काय वाटायचं नाही. आम्हाला वाटायचं, पाटी अशीच तपासतात.”

काकांनी मांडीवरचं पुस्तक सरळ केलं.

“तिसरीत नवे गुरुजी आले. मी पाटी ठेवायला वाकलो, तर त्यांनी हात पुढं केला. मला समजंना, हात कशाला केलाय. त्यांनी पाटी धरली. मी सोडंना. म्हणलं, आपल्यामुळं हे बाटतील. ते ओढतायत, मी ओढतोय. गुरुजी म्हणाले, ‘सोड रे.’”

“मग?”

हे सईनं विचारलं होतं. कोपऱ्यात गृहपाठ करत बसायची ती दर वेळी. तिचं मराठी त्या खोलीत आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

“मग मी सोडली, त्याच वेळी त्यांनीबी सोडली. पडली. फुटली.”

“गणित बरोबर होतं?”

“असंल. कुणी बघितलंच नाही.” काका थोडं हसले. “दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नवी पाटी आणली. माझ्या हातात दिली आणि मी नीट धरली हे दिसंपर्यंत सोडली नाही. ‘धरली का?’ म्हणाले. मी धरली म्हणल्यावर सोडली.”

वैशाली फरशीकडे बघत होती. “बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही.”

“तुला पाटी कुठं होती? तुला वह्या होत्या.”

मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाले, “आमच्या वस्तीची पत्रंसुद्धा पोस्टमन चावडीच्या कट्ट्यावर दगडाखाली ठेवून जायचे. म्हणून पोस्टात गेलो. बत्तीस वर्षांत एक कागद खाली ठेवला नाही. या महिन्यात ठेवला. त्या ट्रेचा दोष नाही. ती बाई सगळ्यांनाच ट्रे पुढं करते, राजा आला तरी करंल. मला ते कळतं. हाताला कळत नाही.”

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. संयोजक म्हणून ते काम माझं. मी म्हणालो, “थँक यू फॉर शेअरिंग, काका.” ऑफिसातली मीटिंग संपवताना म्हणतो, त्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला वडिलांना फोन करून विचारलं, आपले आजोबा पाट्या कशा तपासायचे? वडिलांनी आधी तिकडच्या पावसाचं सांगितलं. मग म्हणाले, “तुझा आवाज नीट येत नाहीये रे.” माझा आवाज त्यांना नीट येत होता. ते भाषणातलं वाक्य मी आता म्हणत नाही.

पण हे नंतरचं. त्या शनिवारी आम्ही खुर्च्या मिटून भिंतीला लावत होतो. बोलायला काही नसलं की माणसं खुर्च्या फार मन लावून मिटतात. मी काकांपाशी गेलो, माफी मागायची म्हणून. पण माझ्या आधी सई तिथं पोचली होती. तिच्या दोन्ही हातांत एक कागद होता, हात सरळ पुढे, मान किंचित खाली. इथल्या शाळेत मुलं बाईंना वही देतात तसा. कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, परीक्षेचा पेपर होता. एरवी तो वैशालीच्या सहीसाठी जेवणाच्या टेबलावर पडलेला असायचा.

काकांनी कागद धरला, ओढला. तो आला नाही. त्यांनी वर पाहिलं. सईनं घट्ट धरून ठेवला होता. मी मुकाट्यानं एक पाऊल मागे झालो.

“सोड गं,” काका म्हणाले.

“पोचलं?” सईनं विचारलं.

काकांनी दुसरा हातही कागदाला लावला.

“पोचलं.”

तिनं सोडला. काका खिडकीपाशी गेले, चष्मा वर ढकलला आणि पेपर तपासायला लागले. एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओळीमागून ओळ. बाईंनी काढलेल्या मोठ्या लाल गोलाशी बोट थांबलं. “हे बरोबरचं ना?” सई म्हणाली, “हो.” ते पुन्हा पहिल्या अक्षरापासून बघू लागले. ती त्यांच्या कोपराला टेकून उभी राहिली.

पेपर उलटा होता. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी नको तेव्हा बोललो आहे. ही बोललो नाही.