पुढच्या आठवड्यात चाललेला जवाद

त्या दिवशी जवादनं काकूला खरं सांगून टाकलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं. बेल्जियममधल्या लिएजहून तो मोरोक्कोत, मेक्नेसला आपल्या घरी आला, काकूनं दारातच विचारलं, "किती दिवस आहेस रे?" आणि जवाद बोलून गेला, "चाललोच पुढच्या आठवड्यात!"

कंपनीनं घरी बसून काम करायची परवानगी दिली आहे, हे पटणार कुणाला? बेल्जियमहून आलेला माणूस दुपारी पायजम्यात दिसला, की गल्ली एकच अर्थ काढते: हाकललं. शिवाय नजर लागायची भीती. ती थाप चौदा महिने चालली. दोनदा तर तो बॅग घेऊन, साऱ्या गल्लीच्या गळ्यात पडून निघाला, मोरोक्कोतल्याच केनित्रा शहरात हॉटेलात दोन रात्री काढल्या आणि तिथल्याच दुकानातली चॉकलेटं घेऊन परतला. (बेल्जियमच्या चॉकलेटांची गोष्टच वेगळी, असं सगळे म्हणाले.)

मग एका सोमवारी लिएजच्या हिशेब खात्यातल्या बाईंचं पत्र आलं. तुमच्याकडे पासपोर्ट दोन असोत की चार, कर कुठे भरायचा हे तुम्ही राहता कुठे त्यावर ठरणार. मोरोक्कोत राहत असल्याचा दाखला गुरुवारी बारापर्यंत पाठवा. नाहीतर परत या आणि ऑफिसात बसा.

पाच वर्षं जवादनं आपली लेक हिबा फोनच्या काचेत वाढताना पाहिली होती. आता कुठे ती त्याच्या मांडीवर बसून जेवायला लागली होती. ते सगळं आता एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

आणि कागद होता मुकद्दम, म्हणजे गल्लीचे सरकारी कारभारी, सी लार्बींच्या हातात. त्यांनी गल्लीत चौकशी करायची, मगच सही. पण सी लार्बी तीन दिवस भाचीच्या लग्नात. (लग्न आमच्याकडे लवकर संपत नाही.) गुरुवारी दहा वाजता त्यांची फटफटी हाज ब्राहिमच्या दुकानापुढे एकदाची थांबली.

"हाज, हा जवाद इथंच राहतो का हो?"

हाज ब्राहिमनी जवादकडे पाहिलं, मग सरकारी वहीकडे. पोराला कशात तरी अडकवतायत, हे त्यांनी ताबडतोब ओळखलं.

"जवाद? छे! तो बेल्जियमचा. पुढच्या आठवड्यात चाललाय."

"हाज, खरं सांगा!" जवाद ओरडला.

"खरंच सांगतोय, बाळा. तू अजिबात घाबरू नकोस."

न्हाव्यानं तेच सांगितलं. समोरच्या शेजारीणबाई लल्ला झहूर तर खिडकीतून शपथेवर म्हणाल्या, "त्याला मी नीट पाहिलेलासुद्धा नाही!"

साडेअकरा झाले. सी लार्बींनी वही मिटली. "तीन साक्षीदार आहेत, तू इथं राहत नाहीस म्हणणारे. खोटा दाखला दिला तर माझी नोकरी जाईल, बाबा."

इतकं प्रेम गल्लीनं जवादवर आजवर कधी केलं नव्हतं, आणि तेच त्याच्या मुळावर आलं होतं.

तेवढ्यात गच्चीवरून त्याची बायको बुश्रा कडाडली. कपडे वाळत घालता घालता तिनं सारं ऐकलं होतं. "चौदा महिने! चौदा महिने हा माणूस माझ्या घरात ठाण मांडून बसलाय! सकाळपासून पायजमा, चहा आणि ती खुर्ची! हा इथं राहत नाही म्हणता? मग मी रोज उठवते कुणाला?"

हाज ब्राहिमनी घसा साफ केला.

"अगं लेकी, ते आम्हाला ठाऊकच आहे. जाणारा माणूस असा रोज कोथिंबिरीवरून घासाघीस करतो होय? तुमची अब्रू राहावी म्हणून आम्ही गप्प होतो."

"मला तर पायजमेसुद्धा पाठ आहेत," लल्ला झहूर म्हणाल्या. "निळा आणि तो फाटका."

सह्या धडाधड झाल्या. शिक्का बसला. अकरा अठ्ठावन्नला दाखला लिएजला पोचला. जवादनं हिबाला उचलून गरागरा फिरवलं. त्याला रडूच आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

बारा दहाला बाईंचं उत्तर आलं. "दाखला मिळाला. राहण्याचा प्रश्न मिटला, तुम्ही तिथूनच काम करा. एवढा एकच खुलासा हवा: व्यवसायाच्या रकान्यात 'बेकार, बायकोच्या आधारानं राहतो' असं लिहिलं आहे. तर आमच्याकडे काम कोण करतं?"

जवाद तसाच धावत सुटला. (पायजम्यातच. निळ्या.) सी लार्बी फटफटीला किक मारत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि जवादच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यात लाजायचं काय, बाळा? कुठं चिकटलास की सांग. खोडून देईन."