दसऱ्यास पुजिलेल्या चाकूचा कज्जा

श्रीअंबा सर्वांस सुबुद्धी देवो, लिहिणारासही देवो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी या दौलतीत चाकूचा कज्जा उद्भवला, तो ऐकिला तैसा लिहितो.

घाटातील वाटाड्या गुणाजी खरवत कमरेस चाकू लावून पेठेत आला. त्या चाकूने तो वाटेतील वेली तोडी, वाटसरांचे पायातील काटे काढी. परंतु पेठेत तोच चाकू पाहोन लोक घाबरे जाहले आणि बायांनी दारे लाविली, आणि घाटात आपणच तो मागून घेतो याचे स्मरण कोणास न राहिले. मग हुजुरात पुकार गेली, आणि दिवाण रंगोपंत यांनी पंडितांस पुसिले की हे हत्यार की अवजार. पंडितांनी पुष्कळ खल करून निर्णय दिला की दसऱ्यास ज्यास हळदकुंकू वाहिले ते हत्यार, न वाहिले ते अवजार. गुणाजी भाविक, त्याने वाहिले म्हणोन कबूल केले आणि चाकू जप्त जाहला. मग न्याय सर्वांस सारखा म्हणोन घरोघरच्या विळ्या, अडकित्ते आणि न्हाव्यांचे वस्तरेही सरकारात आले, आणि दौलतीत दाढ्या वाढल्या, आणि पंतांचे घरी दुध्या भोपळा अख्खाच शिजू लागला. शिपायांनी मात्र आळसाने तलवारी पुजिल्याच नव्हत्या, सबब त्या अवजारे ठरून त्यांजपाशीच राहिल्या. गुणाजी रोज कचेरीत येऊन विनवी की चाकूवाचून घाटात पाऊल टाकवत नाही, पोरे उपाशी आहेत. पंत म्हणत, पाहू. काय पाहावे हे त्यांसही कळेना.

मग पंतांची स्वारी घाटाने निघाली आणि वाट दाखवावयास गुणाजीस घेतले. चाकू मागावा तो आजच, असे त्याने मनाशी धरिले होते. कड्यापाशी पंतांचा पाय घसरला आणि वेलीचा फास गळ्यास बसला. शिपाई तलवारी उपसू गेले, तो त्या गंजून म्यानातच रुतलेल्या. तेव्हा गुणाजीने ती वेल दातांनी कुरतडून तोडिली आणि पंत काळेनिळे होऊन वाचले.

श्वास येताच पंत त्याचे तोंडाकडे पाहात राहिले आणि हळूच विचारते जाहले, "गुणाजी, दसऱ्यास या दातांस काही वाहिले नव्हतेस ना?"

गुणाजीने तोंडावर हात धरिला, आणि चाकू मागावयाचा होता, तोही मागितला नाही.

एवंच पंतांचा प्राण राहिला आणि चाकू सरकारातच राहिला. यात न्याय कोणता जाहला, हे लिहिणारास अद्याप उमगले नाही.