दोन किल्ल्यांचं वायफाय

तिजोरीकाकांच्या घरी वायफाय आलं त्या दिवशी काकांनी पासवर्डाचे दोन तुकडे केले. अर्धा स्वतः ठरवला, अर्धा काकूंना ठरवायला सांगितला, आणि एकाचा अर्धा दुसऱ्याला मरेपर्यंत कळता कामा नये, असं दोघांनाही बजावलं. दोघांनाही म्हणजे काकूंना आणि स्वतःला. यंत्र बसवायला आलेल्या माणसाला तेवढ्यापुरतं गॅलरीत, रस्त्याकडे तोंड करून उभं केलं होतं.

काकांचा काकूंवर अविश्वास होता, असं मुळीच नाही. चौतीस वर्षं त्यांनी बँकेची तिजोरी सांभाळली होती. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, आणि एकट्याने कितीही खटपट केली तरी दार जागचं हलत नाही. हा नियम काकांच्या अंगात इतका मुरला होता की, अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी 'अंगावर धातूचं काही नको, कमरेची किल्लीही काढा' असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा 'मग ऑपरेशन तिजोरीच्या खोलीत करा' असं त्यांनी सुचवलं होतं म्हणतात. दोन किल्ल्यांनी एका वाहनातून प्रवास करू नये, असाही एक दंडक होता. त्यामुळे वायफाय आल्यापासून दोघं कुठं निघाली की काकू पुढच्या बसने जात आणि काका मागच्या. काकूंची तक्रार नव्हती. त्यांना खिडकीची जागा मिळायची, वर तासभर शांतता.

दोन वर्षांत ही घरची तिजोरी दोनदाच उघडली होती. एकदा काकूंच्या फोनसाठी आणि एकदा टीव्हीसाठी. काकांचा स्वतःचा फोन बटणांचा होता. तिसरी वेळ आली ती बँकेच्या पत्रामुळे.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत बँकेला काकांची आठवण झाल्याचा काही पुरावा नव्हता. गेल्या महिन्यात एकाएकी पत्र आलं. नव्याने लागलेल्या चाळीस अधिकाऱ्यांना 'दुहेरी ताबा' या विषयावर आपण अर्धा तास मार्गदर्शन करावं. घरबसल्या, संगणकावरून, दुपारी चार वाजता. काकांनी ते पत्र शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, नातेवाइकांना फोनवर वाचून दाखवलं, आणि मीटर बघायला आलेला माणूसही ते ऐकल्याशिवाय जिना उतरू शकला नाही. भाषण चौदा पानांचं झालं. काकूंनी अकरा करायला लावलं. काकांनी रात्रीतून पुन्हा चौदा केलं.

लेकीने आपला जुना लॅपटॉप पाठवला. जावयाने त्यात बँकेच्या बैठकीचा प्रोग्राम घालून दिला. काकांनी कापूस आणि स्पिरिट घेऊन लॅपटॉपचं एकेक बटण लखलखीत केलं, आणि ठरल्या दिवशी तीन वाजता कोट-टाय घालून ते टेबलाशी बसले.

"अगं, ये. किल्ली घेऊन ये."

काकू हात पुसत आल्या. या क्षणापासून काका बायकोला 'आपण' म्हणत. तिजोरीपुढे घरगुती बोलणं त्यांना चालत नसे.

"आपण भिंतीकडे तोंड करावं."

"केलं."

"समोर फोटोची काच आहे. काचेत दिसतं. डोळे मिटावेत."

"मिटले. लवकर करा, गॅसवर दूध आहे."

काकांनी आपली नऊ अक्षरं टाकली. मग ते स्वतः भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले आणि काकूंनी आपली सात टाकली. लॅपटॉपने थोडा विचार केला आणि 'जोडता येत नाही, पासवर्ड तपासा' असं कळवलं.

"आपण घाई केलीत," काका म्हणाले.

"मी कसली घाई केली? मागच्या वेळी मी आधी टाकला होता. आज तुम्ही आधी घुसलात."

"वरिष्ठाची किल्ली आधी लागते."

"टीव्हीच्या वेळी माझीच आधी लागली होती. तुम्ही चष्मा शोधत होतात."

काकांनी नोंदवही काढली. तिजोरी उघडल्याची तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या होत्या. कुणाची किल्ली आधी, हा रकाना आखायचा राहिला होता. काकांच्या कपाळाला आठी पडली. चौतीस वर्षांत त्यांच्याकडून रकाना राहिला नव्हता. मग काकूंचा आधी आणि काकांचा नंतर, असं करून पाहिलं. पुन्हा तेच. काकांनी पडद्यावरचे ठिपके पेन्सिलीच्या टोकाने मोजले. नऊ आणि सात, सोळा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"ठिपके बरोबर आहेत," काका म्हणाले. "म्हणजे माणूस चुकतोय."

"कोणता?"

काका चष्म्यावरून काकूंकडे बघू लागले.

साडेतीन वाजले. काकूंनी जावयाला फोन लावून फोन टेबलावर ठेवला. जावई दिवसभर हेच काम करायचा, त्यामुळे त्याचा आवाज दात काढणाऱ्या डॉक्टरसारखा मऊ होता.

"बाबा, पासवर्डच्या शेजारी डोळ्याचं चित्र दिसतंय ना? त्यावर टिचकी मारा. काय टाइप होतंय ते दिसेल."

"तो डोळा उघडणार नाही, जावईबापू."

"का, अडकलाय?"

"माझ्या हयातीत उघडणार नाही."

"बरं. मग तुम्ही मला पासवर्ड सांगा. मी बघतो काय चुकतंय."

काकांचा चेहरा असा झाला की काकूंनीच फोन जवळ ओढला. "जावईबापू, दुसरं काहीतरी मागा. हवं तर किडनी मागा, देतील."

"मग आई, तुमच्या फोनवरून नेट द्या लॅपटॉपला."

"माझ्या फोनात पॅक नाही. घरात वायफाय असताना वर आणखी पॅक म्हणजे चैन आहे, असं इथं एकांचं म्हणणं पडलं."

त्या एकांनी टाय सैल केला.

"मग ते भिंतीवरचं यंत्र बंद करा," जावई म्हणाला, "दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. कधीकधी तेवढ्यानेही होतं."

काकांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, तर दारात खालच्या मजल्यावरची शिवणवाली हजर. गळ्यात मोजपट्टी, तोंडात दोन टाचण्या.

"काकू, काय झालं? सगळं बरं आहे ना?"

"दोन मिनिटं. यांनी बंद केलंय."

"असं होय. मी घाबरले." ती निघून गेली. पाठोपाठ वरच्या मजल्यावरून शिकवणीच्या बाई कठड्यावरून वाकल्या. "काकू, तुमच्याकडे सगळं ठीक?"

"ठीक, ठीक. येतंय."

काकांना भरून आलं. "माणसं चांगली आहेत आपल्या जिन्यातली. मला जरा अस्वस्थ वाटलं, तर बघ, न सांगता समजलं त्यांना."

"माझं दूध," असं म्हणून काकू लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या.

यंत्र सुरू झालं. काकूंचा फोन आपणहून जोडला गेला. टीव्ही जोडला गेला. लॅपटॉप मात्र ढिम्म. काकांनी लॅपटॉप उचलून यंत्राखाली स्टुलावर ठेवला. मग स्टुलावर पाट ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवला. शेवटी एका हातावर लॅपटॉप तोलून, तो यंत्राला टेकवून उभे राहिले, आणि काकूंनी डोळे मिटून घेतल्यावर उभ्यानेच आपला अर्धा टाकायचा प्रयत्न केला. तेव्हा बाराव्या अक्षरापर्यंत पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, आपली नऊच आहेत.

चारला दहा कमी असताना ते खुर्चीत बसले. कोट त्यांना एकदम मोठा व्हायला लागला होता. चाळीस माणसं पडद्याकडे बघत बसतील, पडद्यावर एक काळा चौकोन असेल, आणि चौकोनाखाली आपलं नाव असेल.

"अगं," ते हळूच म्हणाले. 'आपण' कुठल्या कुठे गेलं होतं. "ते म्हणतील, म्हातारा विसरला."

काकूंनी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "डोळा उघडा."

"पण तू..."

"मी भिंतीकडे तोंड करते. उघडा."

काकांनी मान खाली घालून आपली नऊ अक्षरं टाकली, आणि परक्याच्या घरचं पत्र फोडावं तशा हाताने त्या डोळ्यावर टिचकी मारली. ठिपके गेले. त्या जागी अक्षरं आली आणि अक्षरांच्या मध्ये मध्ये आकडे. चार, पाच, एक, शून्य.

"हे माझं नाही," काका म्हणाले. "कुणीतरी आत शिरून बदललंय."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "नाहीच तुमचं. तुमच्यात आकडे कुठायत?"

काकांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. ते वाक्य त्यांच्या कानापर्यंत आलं आणि बाहेरच ताटकळत राहिलं.

"आकडे?" फोनमधून जावई म्हणाला. "बाबा, कीबोर्ड कुणी पुसला का?"

"म्हणजे काय, बटणन् बटण पुसलं."

"त्यात एक नको ते बटण दाबलं गेलंय. या जुन्या लॅपटॉपात ते दाबलं की उजव्या बाजूची अक्षरं आकडे टाइप करायला लागतात. ठिपके तेवढेच दिसतात, म्हणून समजत नाही. डावीकडे खाली निळ्या अक्षरांचं बटण आहे, ते धरून वरचं नमलॉक दाबा एकदा."

काकूंनी दाबलं. चारला तीन मिनिटं होती. काका भाषणाची पानं आणायला आतल्या खोलीत धावले, पानं मिळाली तर चष्मा मिळेना, चष्मा मिळाला तर तेरावं पान मिळेना. बाहेर आले तेव्हा लॅपटॉपवर त्यांचं स्वतःचं तोंड दिसत होतं आणि भोवती चाळीस छोटी तोंडं.

"जोडलंय," काकू कुजबुजल्या. "बसा, भांग नीट करा."

काकांचा जीव भांड्यात पडला. ते बसले, खाकरले आणि त्यांनी सुरुवात केली. आवाज लागला. दुसऱ्या पानावर तर त्यांना आपण साठीच्या आतले आहोत असंही वाटलं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर वाक्य होतं, 'एकट्या अधिकाऱ्याला तिजोरी उघडणं सर्वस्वी अशक्य आहे.' ते वाचता वाचता काका थबकले. डोळा मिटून, ठिपक्यांनिशी, रीतसर असा आपला अर्धा आपण पुन्हा टाकलाच नव्हता. आपण तेरावं पान शोधत होतो.

बाहेर ताटकळत असलेलं ते मघाचं वाक्य तेव्हा आत आलं.

काकांनी पडद्यावर पाहिलं. कोपऱ्यातल्या चौकोनात त्यांचं तोंड होतं. तिसरं पान मनातल्या मनात पुन्हा वाचणारं ते तोंड शब्द न् शब्द पुटपुटत होतं. बहिऱ्या माणसालाही लांबून समजावं इतकं स्वच्छ. किल्ली टाकतानाही ते असंच पुटपुटत असणार.

"सर," पडद्यावरून कुणीतरी म्हणालं, "आवाज तुटतोय. आपण अर्धेच दिसताय."

काका काही बोलणार, एवढ्यात काकू दार उघडून जिन्यात गेल्या. लॅपटॉपचा माइक चालू होता.

"ऐकलं का हो सगळ्यांनी," काकूंचा आवाज जिनाभर घुमला. "साडेचारपर्यंत जरा बंद ठेवा. यांचं भाषण चालू आहे, सुरक्षिततेवर."

"ठेवलं, काकू," खालून शिवणवाली.

"माझा वर्ग चालू आहे, पाच मिनिटं द्याल?" वरून शिकवणीच्या बाई.

"पाच नाहीत. आत्ता."

"बरं बाई."

मग लांबून, रस्त्यापलीकडून म्हणावं असा एक पुरुषी आवाज आला. "काकू, आम्ही समोरच्या इमारतीतल्यांनी पण का?"

"हो, तुम्ही पण."

पडद्यावरचं चित्र आरशासारखं स्वच्छ झालं.

"आता उत्तम दिसताय, सर," पडद्यावरचा आवाज म्हणाला. बाकीचे एकोणचाळीस अतिशय गंभीर चेहऱ्याने खाली बघत होते. काकांनी पाण्याचा घोट घेतला, चौथं पान वर घेतलं आणि ओठ घट्ट मिटून, मग पुन्हा उघडून, चौदाच्या चौदा पानं वाचून काढली. एक ओळ गाळली नाही. तिजोरी सांभाळणारा माणूस अर्ध्यात उठत नाही.

शेवटी प्रश्नांची वेळ आली. एका तरुण अधिकारी बाईंनी हात वर केला.

"सर, समजा, एका अधिकाऱ्याला दुसऱ्याचीही किल्ली माहीत झाली. तर मग काय होतं?"

काकांनी पानं चाळली. चौदा पानांत याचं उत्तर नव्हतं. त्यांनी मान वळवली. काकू दारात उभ्या होत्या, अर्ध्या घरात आणि अर्ध्या जिन्यात, एक हात मागे करून खालच्या कुणाला तरी अजून थांबायची खूण करत.

"मग," काका म्हणाले, "तिजोरी वेळेवर उघडते."

चाळीस माना खाली गेल्या. सगळ्यांनी ते वहीत लिहून घेतलं.