साळूबाईंच्या शंभर पानांची हकीकत

श्री ग्रामदेवता समर्थ. तिच्या कृपेने लेखणी धरिली. काही चुकले असेल तर वाचणारांनी पोटात घालावे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरे, वैशाख मासी एका राज्यात राजसभेची निवड निघाली आणि सरकारांनी कायदा केला की, जो उमेदवार प्रचारास खजिन्यातून द्रव्य घेईल, त्याजसाठी त्याचे पक्षाने एकच पंगत घालावी, पाने शंभर. एकशे एकावे वाढिले तर उमेदवारी रद्द. तेव्हा कासारपेठेतून साळूबाई कासारीण उभ्या राहिल्या. पदरी बांगड्यांच्या टोपलीवाचून काही नाही, म्हणोन सरकारी द्रव्य घेतले, आणि त्यांचे पक्षाचे मुख्य हैबतराव, मोठे हौशी गृहस्थ, यांनी पंगत मांडिली. पाने शंभरच आणविली, परंतु सवय जाईना; जन्मभर दिले तैसेच सगळ्या पेठेस चूलबंद आवतण देऊन बैसले. मग काय विचारावे? कोणाचे घरी चूल पेटली नाही आणि चारशे माणूस लेकराबाळांसुद्धा मांडवात येऊन उभे राहिले, आणि सरकारचे तपासनीस त्रिंबकपंत पाने मोजावयास दारीच बैसलेले. हैबतरावांचे तोंड उतरले. उपाशी धाडावे तर पेठ रुसते, वाढावे तर उमेदवारी जाते.

मग साळूबाई पुढे आल्या आणि हात जोडून बोलिल्या, "आवतण आमचं, पण चूल आज तुमचीच पेटवा. शंभर पानांवर लेकरं बसू देत. बाकीच्यांनी जे शिजेल ते घेऊन इथंच या, मिळून जेवू."

आधी एक म्हातारी हसली आणि मग अवघी पेठ हसत घरी गेली आणि कोणी पिठले, कोणी आंबील, कोणी ठेचा घेऊन परत आली. त्रिंबकपंत हरएक ताटापाशी जाऊन धनी कोण म्हणोन पुसत चालले, आणि जो तो माझे म्हणे आणि पंतांचे हातावर घासही ठेवी. पुसता पुसता पंतांचे पोट भरले. पक्षाची पाने शंभर ती शंभरच भरली. हैबतराव मात्र लाजेने खांबाआड उभे होते. त्यांस त्या म्हातारीने हाती धरून आणिले आणि आपले ताटाशी बसविले. जेवण आटोपून हैबतराव डोळे पुसत म्हणाले, "उभा जन्म वाढण्यात गेला, साळूबाई. पंगतीला बसलो तो आजच."

येणेप्रमाणे पंगत सुखरूप पार पडली, साळूबाई राजसभेत गेल्या, आणि हैबतराव पुढे कोठेही आवतणास गेले तर भाकरी घरूनच बांधून नेऊ लागले. बहुत आनंद जाहला.