सरावाचा दुधी

दादाभाऊने मांडवाखाली लोंबणारा कोवळा दुधी डाव्या हाताने धरला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, सुई सरळ उभी धरली आणि टोचली. पाणी हळूहळू आत सोडत तो म्हणाला, "दुखलं का गं? झालंच बघ आता. श्वास सोड."

दुधीने काही श्वास सोडला नाही. कुंपणापलीकडे मोबाइल धरून उभ्या असलेल्या शेजारच्या सयाजीने मात्र सोडला. रोज दुपारी हा माणूस मांडवात काय करतो, याचा छडा त्याला आज लागला होता.

खरी गोष्ट अशी की इंजेक्शन दुधीचं नव्हतंच, निर्मलाचं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, पुण्याच्या दवाखान्यात दुसऱ्यांदा केलेल्या टेस्ट ट्यूबच्या उपचाराने तिला दिवस गेले होते. रोज संध्याकाळी सातला कंबरेत एक इंजेक्शन, तेही कितीतरी आठवडे. गावच्या दवाखान्यात जाऊन घ्यावं, तर बाकावरच्या बाया आधी आजार विचारतात आणि मग नाव. म्हणून दादाभाऊनेच टोचायचं ठरलं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, आधी एखाद्या फळावर सराव करा. वडलांच्या मेंढ्या होत्या तेव्हा त्याने शंभर-शंभर मेंढरांना लस टोचली होती. पण मेंढरू टोचून झालं की पळून जायचं. निर्मला तोंडात पदर धरून तिथेच पडून राहायची आणि त्याचा हात कापायचा. म्हणून सातच्या आधी रोज एक दुधी.

हे कोणाला सांगायची सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी पहिला उपचार लागू पडला, तेव्हा दादाभाऊच्या आईने, तुकाबाईने, दुसऱ्याच दिवशी आळेफाट्याहून पेढे आणून अख्ख्या वस्तीत वाटले होते. दोन महिन्यांत सगळं संपलं. मग पेढा खाल्लेला एकेक माणूस समाचाराला आला. बाळ गेल्याच्या दुःखाने निर्मला खचलीच होती, त्या समाचाराने ती पार मोडून गेली. म्हणून या वेळी तिने नवऱ्याला शपथ घातली होती. तिसरा महिना पुरा होईतो कोणाला कळता कामा नये, अगदी सासूबाईंनाही नाही. तुकाबाईला सांगितलं होतं की सुनेची कंबर धरलीय, डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय. म्हातारी बिचारी रोज लसणीचं तेल चोळत होती.

सयाजीचा व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर पडला आणि तासाभरात आळेफाट्याला पोहोचला. पहिला फोन आला तो जुन्नरचे भाजीचे व्यापारी नवाबभाई यांचा. गेली सहा वर्षं दादाभाऊचा सगळा दुधी तेच उचलत.

"दादाभाऊ, हे काय बघतोय मी? गिऱ्हाईक दुधी हातात घेऊन भोकं शोधायला लागलंय."

"नवाबभाई, त्यात काय नाय. कीड पडली व्हती, तिचं औषध दिलं."

"किड्याला 'दुखलं का गं' म्हणतो व्हय तू?"

दोन दिवस माल पाठवू नको, असं सांगून नवाबभाईंनी फोन ठेवला.

किडीची थाप वस्तीवर आणखी महागात पडली. दादाभाऊ औषध टोचतो, हे आता त्याच्याच तोंडून कबूल झालं होतं. ते दुधी फुगवायचंच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं. दिवसा लोक त्याला बघून मान फिरवू लागले आणि तिन्हीसांजेला एकेक जण मागच्या दाराने येऊ लागला. वस्तीवरच्या जानकूने तर पिशवीतून वांगीच आणली. "आमी कुणाला सांगत न्हाई," तो म्हणाला, "पण ह्यास्नी चालंल का तुझं इंजेक्शन? मंत्र म्हनायचाच असला तर तोबी शिकव."

शेवटी पारावर बैठक बसली. सयाजी मधोमध बसला. गावाची काळजी वाहायला त्याच्याकडे वेळ पुष्कळ होता. घरात नातवंड नव्हतं. मुलाच्या, सुभाषच्या, लग्नाला सात वर्षं झाली होती, पण कोणी विषय काढला की सयाजी म्हणायचा, "पोरगं अजून लहान हाय."

"बाटली दाखव," सयाजी म्हणाला. "लोकाच्या पोटात काय घालतोस ते कळू दे."

"पाणी हाय."

"पाणी टोचाया तू काय येडा हायस?"

दादाभाऊने एकवार घराकडे पाहिलं. निर्मलाच्या शपथेचे अजून अकरा दिवस बाकी होते. "मांडव तोडतो," तो म्हणाला. "समदा दुधी बांधावर टाकतो. मग तर झालं?" आणि तो खरोखरच कोयता आणायला उठला.

तेवढ्यात निर्मला आली. कंबर धरलेली बाई इतकी ताठ चालत आलेली बघून तुकाबाई पाराच्या कडेवरून उठूनच उभी राहिली.

"कोयता ठेवा," निर्मला नवऱ्याला म्हणाली. मग लोकांकडे वळली. "दुधीला पाणीच टोचत्यात ते. औषध मला टोचत्यात. मला दिवस गेल्यात. मला दुखू नये म्हनून रोज दुधीवर हात बसवत्यात. तिसरा महिना पुरा व्हायचाय, म्हनून सांगायचं नव्हतं. आता कळलंच हाय तर येवढं करा. आनंद करू नका. आन पुढं काय वंगाळ झालं, तर समाचाराला कुनी येऊ नका."

तिचा आवाज शेवटच्या शब्दाला फुटला. जानकूने वांग्यांची पिशवी पायाने मागे सरकवली. तुकाबाई सुनेजवळ गेली. आता ही हंबरडा फोडणार म्हणून बायांनी पदर सावरले.

"पेढं मी आननार न्हाई," तुकाबाई म्हणाली. "लेकरू हातात आल्याबिगर न्हाई." मग डोळे पुसून तिने विचारलं, "आन मग कंबर?"

"कंबर चांगली हाय, आत्या."

"मग म्हैनाभर मी त्याल चोळलं ते?"

"बरं वाटत व्हतं," निर्मला म्हणाली, आणि तिथेच सासूच्या गळ्यात पडून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी आला. ग्रुपवरचा व्हिडिओ त्याने काढून टाकला होता. याला दारातच दोन शब्द ऐकवायचे, हे दादाभाऊने झोपतानाच पाठ करून ठेवलं होतं. पण सयाजी येऊन ओट्यावर बसला, चहा संपला तरी उठेना.

"पाणी साधंच व्हतं?"

"साधंच."

"हिरीचं?"

"हिरीचं."

सयाजीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दाक्तर बाई हाय का बाप्या?"

"बाई हाय."

"खेकसती का?"

"न्हाई. बसवून बोलती."

"नंबर दे," सयाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "सुभाषला. माझं नाव कुठं काढू नको."

दादाभाऊने कागदावर नंबर लिहून दिला. सयाजीने तो टोपीच्या घडीत ठेवला. पाठ केलेले दोन शब्द दादाभाऊच्या घशातच राहिले, आणि राहिले ते बरंच झालं, असं त्याला मनापासून वाटलं.

श्रावण सरता सरता निर्मलाला मुलगी झाली. तुकाबाईने पेढे वाटले, मागच्या वेळच्या दुप्पट. नवाबभाईंनी बाळासाठी झबलं आणलं आणि जाताना दुधीही उचलला. जानकू मात्र अजून म्हणतो की पोरगी झाली ते खरं, पण दुधीचं औषध यानं दडवलंच.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दादाभाऊ मुलीला कडेवर घेऊन बांधाने चालला होता. सयाजीच्या कांद्याच्या चाळीपुढे सयाजी स्वतःच आडवा उभा होता, हातात काठी घेऊन.

"हिकडनं न्हाई, तिकडनं जा," तो म्हणाला. "जनावर हाय."

चाळीमागून स्पिरिटचा वास आला. पाठोपाठ सुभाषचा घाबरा आवाज आला, "दुखलं का गं?"

दादाभाऊने सयाजीकडे पाहिलं. सयाजीने आभाळाकडे पाहिलं. बांधावरून जानकू मोबाइल चाळत येत होता. दादाभाऊने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि काठीच्या या बाजूला सयाजीच्या शेजारी उभा राहिला.

"जानकू, तिकडनं जा, राव," तो म्हणाला. "जनावर हाय." आणि मान न वळवता चाळीकडे हळूच म्हणाला, "सुई उभी धर."